किन्हवलीच्या रेषेतली फट

वाईट छापलेलं मराठी दिसलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक लागला होता आणि त्यावर माणसाएवढ्या अक्षरांत 'हादिर्क शुभेच्छा' असं छापलं होतं. मी फलक छापणाऱ्याच्या दुकानात जाऊन विचारलं, हा रफार त्या 'क'च्या डोक्यावर कोणी नेऊन बसवला? दुकानदार म्हणाला, "ताई, वाचता येतंय ना? मंग झालं की." वाचता येतंय! भातात खडा लागला तरी पोट भरतंच, म्हणून काय तांदूळ निवडायचे नाहीत? घरी येईपर्यंत मी एसटीत बसून मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

तर मी फॉन्ट बनवते. म्हणजे मराठी अक्षरांचे आकार काढते, एकेक करून, आणि ते संगणकावर टाइप करता येतील असे बांधते. आधी ठाण्याला जाहिरातीच्या ऑफिसात होते. तिथे सगळं काम इंग्रजीत ठरायचं आणि शेवटी उरलेल्या जागेत मराठी कोंबायचं, असा रिवाज होता. कोंबणारी मी. एक दिवस कंटाळले, नोकरी सोडली आणि सिद्धगडाच्या बाजूला आमचं गाव आहे तिथे आईकडे येऊन राहिले. घरात आई आणि मी दोघीच. शेत चुलते बघतात. पडवीच्या एका कोपऱ्यात माझं टेबल आहे आणि वीज असली की माझं काम चालू.

आई गावात सांगते, "पोरगी अक्षरं काढते." त्यावरून शेजारची काकू एकदा तिच्या नातवाला घेऊन आली, त्याचं अक्षर सुधारून दे म्हणून. फॉन्ट म्हणजे काय ते मी तिला तासभर समजावलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मंजी तू छापखान्यात हायस." मी हो म्हणाले. काही माणसांपुढे हरण्यात मजा असते.

माझा पहिला पुरा फॉन्ट तयार झाला तेव्हा मी तो पुण्यातल्या एका संस्थेला पाठवला. ते लोक फॉन्ट पारखून घेतात, विकतात, आणि त्यांनी घेतलेला फॉन्ट पुस्तकांत, वर्तमानपत्रांत जातो. तिथल्या बाईंचा फोन आला. आकार आवडले, म्हणाल्या, पण निवड समिती करते, आणि समितीला एकच पान दाखवायचं असतं. एका पानावर तुमचा फॉन्ट काय काय करू शकतो ते मांडून, छापून पाठवा. साडीच्या दुकानात घडीतली साडी कोणाला कळत नाही, पदर उलगडून दाखवावा लागतो, तसलं हे काम. नमुन्याचं पान म्हणतात त्याला.

नेमका त्याच आठवड्यात ठाण्याच्या जुन्या ऑफिसातून निरोप आला. वरची जागा रिकामी झालीय, येतेस का, लवकर कळव. मी आईला सरळ सांगितलं, पुण्याने फॉन्ट घेतला तर मी इथेच राहून पुढचा बनवणार, आणि नाही म्हणाले तर बॅग भरून ठाण्याला. कारण हौस म्हणून किती दिवस बसायचं? आई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुजं तू बग." आई हे वाक्य जेव्हा बोलते तेव्हा तिला जे हवं असतं ते ती अजिबात सांगणार नसते. मला ते माहीत होतं आणि तिलाही ठाऊक होतं की मला माहीत आहे.

म्हणजे एका पानावर आमचं दोघींचं घर टांगलेलं होतं. मला खरं सांगायचं तर भीती कमी आणि अंगात वारं जास्त शिरलं होतं. सकाळी चहा घ्यायच्या आधी मी टेबलाशी जाऊन बसायला लागले.

असलं पान मांडायचं तर ग्रिड लागते. ग्रिड म्हणजे पानाखालची उभ्या-आडव्या रेघांची जाळी. ती छापायची नसते, पण अक्षरं तिच्याच धाकात राहतात. मोठा शब्द किती कॉलम खाणार, बारीक मजकूर कुठून सुरू होणार, ठळक आणि हलकं अक्षर शेजारी कसं बसणार, हे सगळं जाळी ठरवते. जाळी नसली तर पान नुसतं सजवलेलं दिसतं. जाळी असली तर बघणाऱ्याला अक्षराची तुलना नीट करता येते, आणि समितीला तेच तर करायचं होतं.

मी ठाण्यात शिकले होते तशी ग्रिड आखली आणि तोंडावर आपटले. शिकलेली ग्रिड इंग्रजी अक्षरांची. ती अक्षरं खालच्या रेघेवर पाय रोवून उभी असतात, म्हणून जाळीचं सगळं माप खालून धरतात. मी मराठी शब्द त्या रेघांवर उभे केले आणि सगळं पान डुगडुगायला लागलं. शेजारच्या कॉलमातला मोठा शब्द वर, बारीक शब्द खाली, मध्येच कुठला तरी उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडलेला. मी माप बदललं, ओळींतलं अंतर वाढवलं, परत कमी केलं. काही जमेना. मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि एका कोंबडीवर उगाच खेकसले.

परत पडवीत शिरताना वर लक्ष गेलं. बियाण्याला राखलेले दोडके आणि दुधी आईने वाशाला टांगून ठेवले होते. एक आखूड, एक लांब, एक वाकडा. वरून सगळे एका रेषेत आणि खालून ज्याची त्याची लांबी. मी तिथेच थांबले. अगं बये! मराठी अक्षर उभं राहतच नाही. ते लोंबतं. त्याला वरची शिरोरेषा असते आणि बाकीचा जीव त्या रेषेला लटकलेला असतो. मी इतकी वर्षं ही अक्षरं काढते आणि जाळी मात्र त्यांच्या पायाशी आखत बसले होते!

त्या दुपारी मी सगळी जाळी उलटी केली. सर्वांत बारीक मजकुराच्या दोन शिरोरेषांमध्ये जेवढं अंतर, ते माझं माप. मोठे शब्द त्याच मापाच्या दुपटी-चौपटीत टांगायचे. मग काय, मोठा शब्द आणि त्याच्या शेजारच्या कॉलमातली बारीक ओळ, दोघांची शिरोरेषा अशी एका पातळीत आली की मी टाळ्या वाजवल्या. एकटीच. आईने आतून विचारलं, "कोन आलंय?"

कॉलमांचंही एक नाटक झालं. दोन कॉलमांच्या मधल्या मोकळ्या पट्टीला आमच्या धंद्यात गटर म्हणतात. मी फोनवर एका मैत्रिणीला विचारत होते की गटर अजून रुंद ठेवू का. आई तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पडवीत कसलं गटार काढतेस गो? ग्रामपंचायतीला इचारलंस काय?" मी हसून हसून खाली बसले. मग तिला स्क्रीनवर दाखवलं, की हे बघ, हे कॉलम आणि ही मधली पट्टी. तिने चष्मा लावून बघितलं. "हां. मंजी ही भाताची खाचरं आनि ह्यो बांध."

त्या दिवसापासून मी गटर हा शब्द सोडला. बांध! एकदा बांध म्हटल्यावर मला त्याची जरबही बसली. आमच्याकडे बांध कोरणं ही काय साधी गोष्ट नाही. वीतभर बांध कोरला म्हणून भावाभावांची तोंडं फिरतात, लग्नाची आमंत्रणं बंद होतात. मी 'डोळखांब' हा शब्द मोठा करताना त्याचा 'ब' शेजारच्या कॉलमात घुसला, तेव्हा आई मागून म्हणाली, "कोरलास बांध!" मी मुकाट्याने शब्द लहान केला.

डोळखांब कुठून आलं ते सांगते. पानावर शब्द कोणते घालायचे याचा मी पुष्कळ विचार केला होता. नेहमीचे कमळ, गणपती, बदक मला नको होते. मला असे शब्द हवे होते की ज्यांत फॉन्टची सगळी हाडं दिसतील. आणि एसटीच्या वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये होता, त्यावर नजर गेली. शहापूर, मुरबाड, सरळगाव, डोळखांब, टोकावडे, भातसानगर, सिद्धगड, म्हसा, किन्हवली. काय नाहीये त्यात? द्ध आहे, ळ आहे, ड आहे, ऊकार आहे, एकार-ओकार आहेत. आमच्या दोन तालुक्यांतली गावं म्हणजे आख्खी बाराखडीच की! जाळीच्या एकेका चौकटीत एकेक गाव टांगलं. पान इतकं देखणं दिसायला लागलं की मी ते स्क्रीनवर लहान करून, मोठं करून, मान वाकडी करून बघत राहिले. आता पुणे नाही कसं म्हणेल, असं मला मनापासून वाटलं.

छापायला शहापूरला गेले. तिथल्या छापखान्याचे काका मला चांगले ओळखतात, कारण त्यांच्या पत्रिकांमधल्या चुका मी फुकट काढून देते आणि त्यांना त्याचा राग येतो. लग्नसराई होती. टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे, एका कोपऱ्यात कापायचं मशीन चालू. काकांनी माझी फाइल घेतली आणि एक नमुना काढून माझ्यापुढे टाकला. "घे बाय. पन ह्या निल्या रेघा पन छापाच्या होत्या काय गो?"

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. जाळी! डोळ्यांना नीट दिसावी म्हणून मी जाळीच्या रेघा फिक्या निळ्या रंगात खऱ्याखुऱ्या काढल्या होत्या, आणि घरून निघताना त्या बंद करायला विसरले होते. सगळ्या पानावर निळं जाळं पसरलेलं. मी स्वतःवर अशी चिडले की काका दोन पावलं मागे सरकले. "राऊ दे, परत काढू," ते म्हणाले.

मी कागद चुरगाळायला घेतला आणि थांबले. प्रत्येक शब्दाच्या शिरोरेषेखाली एक निळी रेघ जात होती. शब्दाची काळी रेषा तिच्यावर बसली की निळी झाकली जायची, दोन गावांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती परत दिसायची. तसंच व्हायला हवं होतं. पण 'म्हसा' या शब्दाच्या आत, अर्धा म आणि ह यांच्या मध्ये, एक बारीकसा निळा ठिपका दिसत होता. शब्दाच्या आत निळं यायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे काळी रेषा तिथे तुटली होती. मी कागद उजेडाला नेला. 'किन्हवली'. अर्धा न आणि ह यांच्या मध्ये, पुन्हा निळं. बाकी एकाही गावात नाही.

माझ्या फॉन्टला भोक होतं, आणि ते मी समितीपुढे मांडायला निघाले होते! मी हबकले आणि त्याच क्षणी आनंदाची अशी उकळी फुटली की काय सांगू. कारण बंद करायला विसरलेल्या जाळीने मला चोर पकडून दिला होता. नुसत्या पांढऱ्या कागदावर ती फट कदाचित मला दिसली नसती. समितीला दिसली असती, ते लोक भिंग लावून बघतात.

"एवडीशी फट," काका डोळे बारीक करून म्हणाले. "कोन बगतं?"

"मी बगते."

"मंग आता आज मशीन मिलायचं नाय. परवा सकाली ये. पैला नंबर तुजा."

बाहेर येऊन स्टँडकडे चालताना मी एकच प्रश्न चघळत होते. हीच दोन जोडाक्षरं का? बाकी शेकडो अक्षरं मी पुन्हापुन्हा तपासली होती. म्ह आणि न्ह सुरुवातीला एकदा काढून ठेवली, बारीक आकारात ठीक दिसली, आणि नंतर मी त्यांच्याकडे फिरकलेच नाही. का नाही फिरकले?

उत्तर किन्हवलीत मिळालं. आमची एसटी तिथे थांबली. खिडकीतून समोर पाटी दिसत होती, तिच्यावर रंगाने लिहिलेलं 'किन्हवली'. आणि दारात उभा राहून कंडक्टर ओरडत होता, "किनवली! चला, किनवलीवाले उतरा!" मी पाटीकडे बघितलं, मग कंडक्टरकडे, मग परत पाटीकडे. पाटीवर ह होता. कंडक्टरच्या तोंडात ह नव्हता. आणि माझ्याही तोंडात नव्हता! फॉन्ट तपासायला मी जे परिच्छेद टाइप करत आले, ते घरात कानावर पडणारं बोलणं होतं. आमी, तुमी, उनाला, कोला. आमच्या बोलण्यात आम्हीतला ह गळतो, उन्हाळ्यातला गळतो, कोल्ह्यातला गळतो, आणि ळ चा ल होतो. जो आवाज घरात नाही, त्याचं अक्षर मी कधी टाइपच केलं नाही. पुण्याचा माणूस पहिल्या दिवशी 'आम्ही' लिहून बघेल आणि त्याला फट दिसेल. अशी चूक करायला मुरबाडचीच पोरगी हवी.

मी एसटीत मोठ्याने हसले. शेजारची बाई मांडीवरची टोपली घेऊन जरा सरकून बसली. मला तिला सगळं सांगायचं होतं. पण तेवढ्यात दुसरी गोष्ट सुचली आणि मग मला कशाचंच भान राहिलं नाही. पाटीवरची किन्हवली आणि तोंडातली किनवली, दोन्ही पानावर घातल्या तर? डावीकडच्या कॉलमात एक, उजवीकडे दुसरी, मधे बांध, आणि शिरोरेषा एकाच पातळीत! शहापूर आणि शापूर. डोळखांब आणि डोलखांब. सरळगाव आणि सरलगाव. म्हसा आणि मसा. एक फॉन्ट, एक जाळी, दोन्ही तऱ्हा. सरळगावला उतरून दुसरी गाडी पकडायची होती, ती मी जवळजवळ चुकवलीच.

घरी पोचल्या पोचल्या आईला टेबलाशी ओढलं. स्क्रीनवर 'म्हसा' हा शब्द भिंतीएवढा केला. "वाच."

"मसा," आई म्हणाली.

"फट दिसते का?"

"कुटं?"

"म आणि ह यांच्या मध्ये."

तिने चष्मा पुसला, परत वाचलं. मग माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू उन्हात फिरून मला काहीतरी झालंय. "ह हाय कुटं त्यात?"

मी तिची पापीच घेतली. ती "येडी झालीस काय" करत मागे झाली, पण हसत होती.

पुढचा सगळा दिवस मी ह लागणारी जोडाक्षरं नव्याने काढली. म्ह, न्ह, ण्ह, ल्ह, व्ह. अर्ध्या अक्षराची रेषा ह पर्यंत नेऊन त्याच्या रेषेखाली किंचित सरकवली, जुनी खाच बुजवली, ह ची मान थोडी उजवीकडे घेतली. मग जाळीत एकाखाली एक टांगून, मुद्दाम निळ्या रेघा चालू ठेवून बघितलं. निळा ठिपका कुठेच नाही. मग 'आम्ही तुम्ही उन्हाळ्यात कोल्ह्याला' असलं काहीतरी अर्थ नसलेलं पानभर टाइप केलं. आयुष्यात इतके ह मी कधी वापरले नव्हते.

दोन कॉलमांचं पान जमायला मात्र वेळ लागला. उजवीकडचे काही शब्द आखूड. शहापूर चार अक्षरांचं, शापूर तीनच. पहिल्यांदा मला वाटलं, उजवीकडची अक्षरं जरा मोठी करून दोन्ही बाजू सारख्या भराव्यात. करून बघितलं. खोटं दिसलं. मग आकार सारखाच ठेवला, दोघांना एकाच रेघेला टांगलं आणि उजवीकडे जी जागा सुटली ती सुटू दिली. जिथून ह गळला तिथे पांढरं राहिलं. पान एकदम श्वास घ्यायला लागलं. वालाचं बिरडं आणि भाकरी ताटात निवून गेली आणि आई दोनदा ओरडून गेली, तरी मी उठले नाही.

ठरल्या सकाळी शहापूरला जाऊन छापून आणलं. काकांनी या वेळी मशीन सुरू करायच्या आधीच विचारलं, "निलं बंद केलंस ना?" केलं होतं. छापलेलं पान त्यांनी हातात धरून दोन्ही बाजू वाचल्या, आणि उजवीकडच्या कॉलमावर बोट ठेवून म्हणाले, "बाय, हितं तू बी चुका कराला लागलीस? आता तुला कोन सांगनार?" त्यांना एवढा आनंद झाला होता की मी खुलासा केला नाही. पान नळीत घालून पुण्याला पाठवलं, आणि दुरुस्त केलेल्या फॉन्टची फाइलही.

मग वाट बघणं आलं. ठाण्याच्या लोकांनी फोन करून दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस द्या. आई बॅगेचा विषय काढत नव्हती, पण एका सकाळी तिने माझे धुतलेले कपडे नेहमीसारखे खुंटीला न टांगता घडी करून ठेवले. मी ते बघितलं आणि टेबलाशी जाऊन बसले.

फोन सकाळी आला. आई ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी फोन कानाला लावून उभीच राहिले.

"फॉन्ट आम्हाला हवा आहे," पुण्याच्या बाई म्हणाल्या. "जोडाक्षरं फार सुंदर बसवली आहेत तुम्ही. आणि ती शिरोरेषेवरून केलेली मांडणी सगळ्यांना आवडली."

मी आईकडे बघून मूठ वर केली. तिने सूप खाली ठेवलं.

"फक्त एक गोष्ट," बाई पुढे म्हणाल्या. "हे पान फॉन्टबरोबर प्रसिद्ध होणार. त्यात उजवीकडे बऱ्याच चुका राहिल्यात. शापूर, मसा, डोलखांब. समितीला वाटलं की फाइल बिघडली. तेवढी बाजू दुरुस्त करा किंवा सरळ काढून टाका. डावी बाजू एकटी पुरेशी आहे."

हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच उरलं होतं. फॉन्ट घेतला होता, घर राहणार होतं, आणि एक कॉलम काढायला मला किती वेळ लागला असता? डावी बाजू खरंच पुरेशी होती. पण माझ्यासमोर आई बसली होती, आणि त्या उजव्या बाजूचा एकूणएक शब्द मी तिच्या तोंडून उचलला होता. तिच्यासमोर फोनवर मी त्यांना चुका म्हणणार होते. मला ते जमेना. रागही आला.

"चुका नाय त्या," मी म्हणाले.

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. ठाण्याच्या ऑफिसात, पुण्याच्या फोनवर, मी आजपर्यंत एकदाही 'नाय' म्हटलं नव्हतं. तिथे माझी जीभ आपोआप 'नाही'वर जायची.

"अहो, मग काय आहे ते?"

"आमी असंच बोलतो. डावीकडचं पाटीवर असतं, उजवीकडचं आमच्या तोंडात. दोन्ही बाजू गावाच्याच आहेत. एक काढायची असेल तर ते पान माझं नाय."

मला वाटलं, गेला. फॉन्ट गेला, पान गेलं, आता कपाटातून बॅग काढायची.

"मग तसं वर लिहा ना!" बाई एकदम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चिडही होती आणि हसूही. "एवढी जाळी आखलीत आणि कॉलमांना मथळे दिले नाहीत. वाचणाऱ्याला कसं कळणार? काय मथळे द्याल?"

"पाटीवर," मी म्हणाले. "आणि तोंडात."

"आत्ता पाठवा. दुपारी समिती बसणार आहे. मी बोलते."

दोन मथळे त्याच रेघेला टांगले आणि पाठवले. जेवण गेलं नाही. दुपारी फोनवर निरोप आला: 'दोन्ही बाजू ठेवल्या. करार पाठवत आहोत.' मी तो दोनदा वाचला.

आई दारात येऊन उभी राहिली होती. "काय बोल्ली ती? आपलं बोलनं चुकीचं हाय?"

"तसं वाटलं होतं तिला. आता नाय वाटत." मग मी तिला मुख्य ते सांगितलं. "आये, मी ठाण्याला जात नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ती माझ्याजवळ आली नाही. पदर खोचून सरळ अंगणात गेली, कुंपणाशी उभी राहिली आणि शेजारच्या काकूला सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "आपला शापूर पुन्याला पास झाला गो!"